मोर्णेतली रुईची गाठ

कापसाचा हंगाम आला, की अकोल्यात ते सगळ्यांत आधी बाभळींना कळतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून जिनाकडं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडं, निघतात, रस्त्याच्या कडेची बाभूळ त्यातला चिमूट चिमूट कापूस ओरबाडून घेते, आणि दिवाळीची पणती विझते न विझते तोच काटा न काटा पांढरा होतो. यंदाही झाला. मी सकाळी दूधवाल्याची वाट बघत फाटकाशी उभी होते. समोरच्या बाभळीवर पहिला पुंजका दिसला आणि मनात म्हटलं, आले बाई दिवस. त्याच दिवशी दुपारी अमरावतीहून माझ्या मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. वच्छलाबाई त्यांचं नाव. मी त्यांना नुसतं बाई म्हणते. लेकीकडं असतात त्या आता.

"सुमन, धक्का खोदून राह्यले म्हणतात वं! खरं हाय का?"

"कोण सांगतलं तुमाले?"

"नातवानं मोबाईलात दाखोलं. पिवळी मशीन हाय अन आपला धक्का हाय. तू तं अकोल्यातच राह्यतं, जाऊन पाह्यलं नाई का?"

नव्हतं पाहिलं. खरं सांगायचं तर त्या बाजूला मी कितीतरी वर्षांत गेलेच नव्हते. ऑटोनं दहा मिनिटांचा रस्ता, पण जावंसं वाटत नव्हतं. का वाटत नव्हतं, तेच आज लिहायला बसले आहे.

"थांब, मीच येते," बाई म्हणाल्या. आणि खरंच दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरवरून येणाऱ्या एसटीतून उतरल्या. हातात पिशवी, पिशवीत संत्री, आणि उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य, "चाल लवकर, राह्यलं असंन तं पाहू."

ऑटोतून उतरलो आणि मी तिथंच थबकले. म्हणजे खोदून राहिले आहेत हे ऐकलं होतं, तरी डोळ्यांनी बघणं वेगळं. अर्धा धक्का नव्हताच. जिथं दगडांची सरळ रांग होती तिथं ओली काळी माती, आणि मातीत उताणे पडलेले दगड, ज्यांचं पोट कोणी कधी पाहिलं नव्हतं. नदीकाठी फिरायचा रस्ता होणार आहे म्हणे, बाकडी बसणार आहेत. होऊ दे. चांगलंच आहे.  बाईंनी माझा दंड धरला.  मग दोघी एकीकडं रचलेल्या दगडांवर बसलो.

मुंबईकडच्या लोकांना धक्का म्हटलं की समुद्र आठवतो, जहाज आठवतं. आमच्या मोर्णेत साधी होडी चालत नाही. पावसाळा सरला की गुडघाभर पाणी. तरीही तो धक्काच होता, सारं गाव त्याला धक्काच म्हणायचं. वरती काठावर जिन आणि प्रेस, मधे दगडी उतरण, आणि खाली नदीला लागून लांबच लांब दगडी ओटा. ओट्याची उंची बरोब्बर बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, साट्याएवढी. कोणी बांधला असेल त्याचं डोकं बघा. प्रेसमधून निघालेली गाठ, म्हणजे दाबून आवळलेला कापसाचा गठ्ठा, उतरणीवरून खाली यायची, ओट्यावरून ढकलली की सरळ बंडीत. उचलायची गरज नाही. बंडी तशीच पाण्यात उतरायची, रपट्यावरून, म्हणजे पाण्याखालच्या फरसबंदीवरून, नदी ओलांडायची आणि पलीकडच्या चढानं रेल्वेच्या मालगुदामाकडं. नदीच्या ह्या अंगाला कापूस, त्या अंगाला आगगाडी, आणि दोघांच्या मधे आमचा धक्का. तिथून गाठी मुंबईला आणि मुंबईहून कुठल्या कुठल्या देशांत जात. आमच्या नदीचं पाणी लागलेली चाकं आणि विलायतेतली गिरणी यांच्यात तेवढंच काय ते अंतर होतं.

आणि येणारा कापूस! बाळापूरकडून, बार्शीटाकळीकडून बंड्याच बंड्या. मूर्तिजापूरला लहान रुळाच्या गाडीनं उतरलेला मालही कधीकधी इकडं यायचा. बंड्यांची रांग धक्क्यापासून पार वडापर्यंत लागे. दोन दोन दिवस नंबर लागत नसे. गाडीवान बंडीखालीच संसार मांडत. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, ठेच्याचा नाकात जाणारा खाट, सरकीचा उग्रट गोड वास, प्रेसच्या तेलाचा वास, आणि वरून दिवसभर रेच्यांची घरघर. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. रेच्यावर सगळ्या बायाच. सकाळी काळ्याभोर केसांच्या जात आणि संध्याकाळी भुवयांसकट पांढऱ्या होऊन परत येत. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या दिवशी उतरणीवरून खाली येणाऱ्या बायांचा घोळका पाहिला आणि बाईंना विचारलं, "इथं इतक्या म्हाताऱ्या काहून हायेत?" बाई पदरात तोंड लपवून हसल्या होत्या. म्हणाल्या, "उद्या तूबी म्हातारी होशीन."

पण मी रेच्यावर गेले नाही. आम्ही दोघी जावा धक्क्यावर कवडी वेचायला जायचो. कवडी म्हणजे डागी, पिवळा पडलेला कापूस. ओट्याच्या टोकाला बसून चांगल्यातून तो वेगळा काढायचा. आम्हाला ते काम मिळालं, कारण आमचे सासरे धक्क्याचे मुकादम होते.

त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. म्हणजे मनात म्हणायचो. तोंडानं नाही. सून सासऱ्याशी बोलत नसे त्या काळी आमच्याकडं. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत, समोर यायचं नाही, काही सांगायचं असलं तर आत्याबाईंना सांगायचं, आणि आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, मामाजींना सांगत. घर दोन खोल्यांचं. मी बोललेलं त्यांना भिंतीपलीकडं ऐकू जायचंच, तरीही त्यांनी ते आत्याबाईंच्या तोंडून पुन्हा ऐकायचं. अशी ती रीत.

मामाजींचं काम काय, तर गाठीला हात लावायचा. ऐकायला काहीच नाही, पण सारा धक्का त्या हातावर चालायचा. रेच्यात कापसाबरोबर एखादा खडा आला, की लोखंडाला घासून ठिणगी उडते. ती ठिणगी रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, शिरते. वरून दिसत नाही, धूर नाही, वास नाही. ती रुई प्रेसमध्ये जाते, दाबली जाते, लोखंडी पट्ट्या आवळल्या जातात, आणि गाठ तयार. आत आग. हवा मिळत नाही म्हणून भडकत नाही, पण विझतही नाही. कापसाच्या आत आत नुसती धुमसत, पोखरत राहते. आठ आठ दिवस. अशी गाठ मालगुदामात गेली, डब्यात गेली, तर सगळं खाक. म्हणून मामाजी धक्क्यावर उभे राहून प्रत्येक गाठीवर उजवा तळवा ठेवत. डोळे मिटत. एक श्वास, दोन श्वास. मग म्हणत, "जाऊ द्या." त्यांनी जाऊ द्या म्हटल्याशिवाय बंडीत गाठ पडत नसे.

त्या हाताला ते किती जपायचे! चहाची बशी डाव्या हातानं. शेकोटीपुढं बसले की उजवा हात धोतराच्या सोग्यात. भाकरी गरम असली तर निवेपर्यंत थांबत, आत्याबाई वैतागत. गल्लीतल्या बाया ताप आलेली लेकरं घेऊन यायच्या. मामाजी कपाळावर तळवा ठेवत आणि सांगत, "साधा हाय," नाहीतर, "दवाखान्यात ने, आत्ताच ने." कधी चुकलं नाही त्यांचं.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात असाच एका दुपारी त्यांचा हात एका गाठीवर थांबला. एक श्वास, दोन श्वास, चार श्वास. हात निघेचना. हमाल खोळंबले. बंडीवाला म्हणाला, "काय झालं मुकादम, झोपले का?"

"हे नाही जाणार," मामाजी म्हणाले.

जिनाचे मॅनेजर खाली आले. तरुण होते, बाहेरगावचे. त्यांनीही गाठीवर हात ठेवला. "उन्हात पडली होती. उन्हाची गरमी आहे ही."

"ऊन वरून लागते साहेब. हे आतून येऊन राह्यलं."

"तुमच्या हातावर मालाचा निकाल लावायचा का?"

"आजपर्यंत तं त्यावरच लागला," मामाजी शांतपणे म्हणाले. हमालांत हसू पिकलं. मॅनेजर कानापर्यंत लाल झाले.

मग करायचं काय? फोडावी तर आग असेल आणि शेजारी बंड्यांमध्ये सुटा कापूस. ठेवावी तर कुठं ठेवावी? कोणीतरी म्हणालं, नदी काय कामाची? आणि ते सगळ्यांना पटलं. मामाजींनाही पटलं. आगीला पाणी, याच्यापुढं माणसाची अक्कल कुठं जाते! सहा जणांनी गाठ लोटली. धबाक् आवाज झाला, पाणी आमच्या अंगावर उडालं, बाया किंचाळल्या. आणि बघतो तर काय, गाठ बुडेचना! तरंगायला लागली. इतकी वजनदार गाठ, सहा जणांना न आवरणारी, मोर्णेत म्हशीसारखी डुलत होती. एक म्हातारा गाडीवान कपाळाला हात लावून म्हणाला, "अबे, हे तं मुंबईले निंघाली!"

मग दोर टाकून तिला ओढली आणि ओट्याच्या टोकाशी, जिथं पाणी उथळ होतं तिथं दगडातल्या लोखंडी कडीला बांधून ठेवली. ती जागा म्हणजे आमचा बायांचा धुण्याचा घाट. गाठ तळाला टेकली, अर्धी पाण्यात, अर्धी वर. तीन दिवस राहू द्या, आपोआप निवेल, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धुणं घेऊन गेलो तर ती तिथं. पहिल्यांदा कोण चढून बसली आठवत नाही. पण बसायला काय छान! सपाट, रुंद, पाय पाण्यात सोडायला बरोब्बर. आम्ही सात जणी होतो त्या घाटावर नेहमीच्या. एकीनं बसायचं आणि दुसरीनं म्हणायचं, "ऊठ वं महाराणी, तुयं झालं असंन तं." सगळ्यांना बसायचं होतं. मला वाटलं, नवी गंमत म्हणून.

माझी पाळी आली. मी बसले. मार्गशीर्षातली सकाळ, मोर्णेचं पाणी पायाला सुया टोचल्यासारखं. आणि बसल्यावर काही वेळानं मला खालून ऊब लागली.

इतकी छान ऊब! चुलीपासून नुकत्या उठलेल्या मांजराला मांडीवर घ्यावं तशी. लुगड्यातून हळूहळू वर आली, कंबरेला लागली. मला तेव्हा तिसरा महिना होता. कंबर दुखायची, कोणाला सांगायची चोरी. त्या उबेनं दुखणं थांबलं. मी डोळे मिटले. मला वाटलं, इथंच बसून राहावं.

 मी आगीवर बसले होते. आणि मला बरं वाटत होतं.

मला कळलं नव्हतं असं म्हणू? मुकादमाची सून मी. रोज त्या हाताच्या गोष्टी ऐकत होते. मला कळलं होतं. पहिल्या दिवशी नसेल, दुसऱ्या दिवशी नक्की कळलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी मी उठले आणि हातानं चाचपून बघितलं. वरची बाजू कोरडी होती आणि कोमट होती. ऊन अजून घाटावर उतरलं नव्हतं.

सांगायचं कोणाला? मामाजींशी बोलायचं नाही. आत्याबाईंना सांगायचं, म्हणजे काय सांगायचं? "आत्याबाई, मी गाठीवर बसले तं मले खालून गरम लागलं"? हे सुनेनं बोलायचं, आणि सासूनं ते सासऱ्याला सांगायचं? नुसत्या कल्पनेनं माझे कान तापले. मरण पत्करलं असतं, पण ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नसतं. रात्री यांना सांगावं म्हटलं, तर हे तेव्हा वायगावला मालाच्या खरेदीवर गेलेले. आणि मनात हेही होतंच, खोटं कशाला बोलू, की सांगितलं तर ती जागा जाईल. उद्या सकाळी पुन्हा ती ऊब मिळणार नाही.

तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी हमालांनी दोर लावून गाठ वर ओढली. ओढताना ती दोनदा पलटली. ओट्यावर आली तेव्हा पाण्यातली ओली, थंडगार बाजू वर आली होती आणि आम्ही बसायचो ती बाजू दगडाला लागली होती. मामाजी आले. त्यांनी तळवा ठेवला. वर ठेवला, चारी कडांना ठेवला. डोळे मिटले. मी पलीकडं कवडी वेचत होते. माझ्या हातातली कवडी हातातच राहिली. पदराच्या आडून मी त्यांच्या हाताकडं बघत होते आणि मनातल्या मनात ओरडत होते, खाली बघा, मामाजी, खाली!

"निवली," ते म्हणाले. "फोडा."

छिन्नी लावून पट्ट्या तोडल्या. एक तुटली, दुसरी तुटली. गाठ सुटली की ती श्वास सोडल्यासारखी फुगते. ही पण फुगली. वरचा ओला थर हमालांनी बाजूला केला, आत पांढरीशुभ्र, कोरडी ठणठणीत रुई. तीन दिवस पाण्यात राहून पाण्याचा थेंब आत गेला नव्हता! मॅनेजर म्हणाले, "बघा मुकादम, चांगला माल पाण्यात घातलात." आणि हमालानं आणखी एक थर उपसला.

आत भोक होतं. माणसाचं डोकं मावेल एवढं, काळं कुळकुळीत. त्यातून आधी काहीच आलं नाही. मग वाऱ्याची झुळूक आली आणि त्या काळ्याच्या कडेकडेनं लाल रेघ पेटत गेली, गोल गोल. आणि मग भक् करून जाळ.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. बैल सोडा, बैल सोडा, हा ओरडा. रांगेतली पहिली बंडी ओट्याला लागून उभी, बांबूच्या तट्ट्यांवरून कापूस ओसंडलेला. हमाल मागं सरलेले. आणि एकटे मामाजी पुढं. त्यांनी वाकून पेटती रुई दोन्ही हातांनी उपसली आणि नदीत फेकली. पुन्हा उपसली, पुन्हा फेकली. पेटते पुंजके मोर्णेवर तरंगत चाललेले मी पाहिले, पाण्यावर जळत चाललेले. ते दृश्य मला अजून खरं वाटत नाही. मग बाकीचे भानावर आले, बादल्या आल्या, उरलेली गाठ लोटली नदीत. ती पहिली बंडी जळालीच, पण बैल वाचले, मागची रांग वाचली, जिन वाचला.

मामाजींचा डावा हात थोडा भाजला. उजवा मात्र गेला. म्हणजे राहिला, बोटं राहिली, पण तळव्याची कातडी मेली. फडकं सुटलं तेव्हा तिथं मेणासारखं गुळगुळीत काहीतरी होतं. त्याला गार-गरम कळत नव्हतं.

धक्क्यावर काय बोललं जात होतं ते आमच्यापर्यंत यायचंच. म्हातारा झाला मुकादम. हात गेला कामातून तो जळाल्यावर नव्हे, आधीच गेला होता, म्हणून तर पेटती गाठ निवली म्हणाला. मॅनेजरांनी त्यांना काढलं नाही, फाटकावर बसायला सांगितलं. येणाऱ्या-जाणाऱ्या बंड्या बघायच्या फक्त. मामाजी दुसऱ्या दिवसापासून फाटकावर बसू लागले. 

आणि एके दिवशी त्यांनी रीत मोडली. मी अंगणात डाळ पाखडत होते. घरात आत्याबाई नव्हत्या. मामाजी दारात येऊन उभे राहिले, तोंड निंबाच्या झाडाकडं करून. हाताला अजून फडकं. मी उठून आत जायला लागले तर म्हणाले, "थांब बाई. एक इचारतो."

लग्न होऊन दुसरं वर्ष, आणि ते पहिल्यांदा माझ्याशी बोलत होते.

"तुमी बाया तिच्यावर बसून धुत होत्या म्हणतात. तुले काई गरम-गिरम लागलं होतं का?"

सूप माझ्या हातात तसंच. मला आठवतं, डाळीत एक खडा होता आणि मी त्या खड्याकडं बघत होते. फक्त हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग सांगितलं काहून नाही? आणि तो हात माझ्यासमोर, फडक्यात गुंडाळलेला.

"नाई जी," मी म्हटलं.

इतकं पटकन निघालं ते तोंडातून, की माझी मीच हबकले. त्यांनी मान हलवली. "बरं झालं इचारलं," म्हणाले. "म्हणजे मायाच हात मेला होता."

आणि गेले फाटकावर.

माझी थोरली जन्मली तेव्हा तिला ताप भरला होता. मी तिला घेऊन ओसरीत बसलेली. मामाजींनी सवयीनं हात पुढं केला, कपाळापर्यंत नेला आणि मागं घेतला. "दुसऱ्या कोणाले दाखव," म्हणाले. नंतर ते वर्षभर होते की दीड वर्ष. कोणत्याही लेकराला त्यांनी हात लावला नाही.

नंतर धक्क्याचंही तसंच झालं. ट्रक आले, पूल रुंद झाला, बंड्या नदीत उतरेनाशा झाल्या. सरकारी खरेदी आली, मग गेली. एका हंगामात जिनाचा भोंगा वाजलाच नाही आणि गाव दोन दिवस घड्याळाकडं बघत राहिलं. यंत्रं भंगारात गेली, प्रेसची चिमणी पाडली. आता गावाबाहेर मोठमोठे नवे जिन आहेत, तिथं म्हणे एका बाजूनं कापूस ओतला की दुसऱ्या बाजूनं गाठ बाहेर, माणसाचा हात कुठं लागतच नाही. ऐकून मला हायसं वाटलं होतं, खरंच. हात नाही तर हाताची चूक नाही.

हे सगळं मी इतकी वर्षं कोणालाही सांगितलं नव्हतं. यांनाही नाही, ते जाईपर्यंत नाही. पण परवा त्या उताण्या दगडांसमोर बसल्यावर माझ्यानं राहवेना. बाई संत्रं सोलत होत्या. मशीन थांबली होती, चालवणारा मुलगा डबा खायला गेला होता. मी म्हटलं, "बाई, एक सांगू? ते गाठ गरम होती. मले माहीत होतं."

बाईंनी फोड माझ्या हातावर ठेवली. "मंग? मलेबी माहीत होतं."

"तुमालेबी?" मी म्हटलं.

"साऱ्याइलेच माहीत होतं वं. नाईतं एवढ्या थंडीत बसाले भांडत होतो का आपण?" त्या अगदी सहज बोलत होत्या, जसं काही वाणसामानाबद्दल. "नंतर मामाजींनी मले इचारलं. मी नाई म्हटलं. घाटावरच्या त्या सारजाले इचारलं, तिनंबी नाई म्हटलं. घरोघरी गेले ते, फडकं बांधलेला हात घेऊन. आमी आधीच बोललो होतो आपसात. एक हो म्हणाली तं बाकीच्या खोट्या पडतीन. तू पोटुशी होती, म्हणून तुले नाई सांगतलं."

सात जणी.  एवढी वर्षं मी समजत होते की ते नाही माझं एकटीचं आहे. वाटायचं, कधी कोणाला सांगितलं तर हलकं होईल. इथं तर उलटंच झालं. एका बाईचं नाही म्हणणं त्यांनी कदाचित खोटं मानलं असतं. सात जणींचं कसं मानणार? आम्ही सात जणींनी मिळून त्या माणसाला पटवून दिलं होतं, की तुमचा हात मेला होता.

"बाई," मी कसंबसं विचारलं, "अन मले कितव्या नंबरले इचारलं असंन त्याईनं?"

"तुले? साऱ्याइच्या शेवटी." बाई आता माझ्याकडं बघत नव्हत्या. संत्र्याचं साल बोटांत चुरत होत्या. "बाकीच्याइले इचारून आले अन दारात बसले. मी पाणी दिलं. तवा माह्याशी बोलले ते, भिंतीकडं पाहून. म्हणाले, लहानीले इचारतो. ते खोटं नाई बोलनार."

मशीन सुरू झाली. मोठा आवाज झाला, आणि पुढचा दगड हलायला लागला.

"गरम होती, मामाजी," मी म्हटलं. तोंड उघडून, मोठ्यानं म्हटलं. "वरची बाजू गरम होती."

"काय म्हटलं?" बाईंनी विचारलं. आवाजात त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

मी पुन्हा म्हटलं.